तिकीट, एबी फॉर्म आणि ऐनवेळची अदलाबदल: उमेदवारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की पहिले पंधरा दिवस बातम्या एकाच गोष्टीच्या असतात: कोणाला तिकीट मिळालं, कोणाचा पत्ता कट झाला आणि कोण रुसलं. त्यातलं कायद्याने काय ठरतं आणि नेत्याच्या मर्जीने काय ठरतं, यात बऱ्याच जणांची गल्लत होते. खालची उत्तरं लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांपुरती आहेत. महापालिका, जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे असतं आणि त्यांचे नियम वेगळे आहेत.

पक्षाचा उमेदवार नक्की ठरवतं कोण?

ते ज्याचा त्याचा पक्ष ठरवतो. आपल्याकडच्या कायद्यात यावर जवळजवळ काहीच नाही. सदस्यांनी मतदान करून उमेदवार निवडावा, अशी सक्ती कोणत्याही पक्षावर नाही. भाजप आणि काँग्रेसमध्ये अंतिम मोहोर केंद्रीय निवडणूक समितीची. त्याआधी काँग्रेसमध्ये स्क्रीनिंग कमिटी नावं चाळते, तर भाजपमध्ये प्रदेशाकडून नावं वर जातात. प्रादेशिक पक्षांत शेवटचा शब्द बहुतेक वेळा पक्षप्रमुखाचाच असतो.

बाकी मुलाखती, इच्छुकांचे अर्ज, सर्वेक्षणं, जातीची गणितं, खर्च पेलण्याची ताकद हे सगळं चालतं, पण त्यातलं काहीही बंधनकारक नाही. मुलाखतीला गाड्यांचा ताफा घेऊन गेलेला इच्छुक रिकाम्या हाताने परततो आणि मुलाखतच न दिलेल्याचं नाव यादीत झळकतं, हे दर निवडणुकीत दिसतं. त्याविरुद्ध कोर्टात जाऊन उपयोग नाही, कारण तिकीट मिळणं हा कोणाचा हक्क नाही.

यादीत नाव आलं म्हणजे उमेदवारी पक्की ना?

नाही. यादी ही पक्षाची घोषणा आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या लेखी तिला शून्य किंमत. त्याच्या टेबलावर बी फॉर्म (‘हा आमचा उमेदवार’ असं पक्षाने लिहून दिलेला कागद) पोहोचला तरच पक्षाचा उमेदवार.

२०२४च्या लोकसभेला हिंगोलीत शिवसेनेने खासदार हेमंत पाटील यांचं नाव जाहीर केलं आणि काही दिवसांतच ते मागे घेऊन बाबुराव कदम कोहळीकर यांना उभं केलं. त्याच वर्षी विधानसभेला सोलापूर दक्षिणमध्ये दिलीप माने यांचं नाव काँग्रेसच्या यादीत होतं, पण एबी फॉर्म काही त्यांच्या हाती आला नाही. पहिल्या ठिकाणी उमेदवार बदलला, दुसऱ्या ठिकाणी पक्षाचं चिन्हच मैदानात उतरलं नाही. दोन्हीकडे नियमभंग झालेला नाही. गुलाल उधळायचा तर बी फॉर्म जमा केल्याची पोच हातात पडल्यावर उधळावा, हा कार्यकर्त्यांसाठी फुकटचा सल्ला.

एबी फॉर्म, एबी फॉर्म म्हणतात तो काय प्रकार आहे?

ते दोन वेगवेगळे कागद आहेत. दोन्ही निवडणूक चिन्हे (राखीव व वाटप) आदेश, १९६८ मधून आले आहेत.

ए फॉर्ममध्ये पक्षाचा अध्यक्ष किंवा सचिव कळवतो की आमच्या वतीने उमेदवारांची नावं कळवण्याचा अधिकार अमुक व्यक्तीला दिला आहे आणि तिच्या सहीचा नमुना हा असा. बी फॉर्मवर ती अधिकृत व्यक्ती लिहून देते की या मतदारसंघात आमचा उमेदवार हा. म्हणजे ए फॉर्म सहीची ओळख पटवतो आणि बी फॉर्म उमेदवाराची. अधिकारी दोन्हींवरच्या सह्या ताडून पाहतो.

सही शाईची आणि मूळ कागदावरच हवी. रबरी शिक्का चालत नाही, झेरॉक्स चालत नाही, फॅक्सही चालत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दाखवून उपयोग नसतो. म्हणूनच शेवटच्या दिवशी मुंबईहून निघालेला माणूस फॉर्म छातीशी धरून तालुक्याच्या गावाकडे गाडी पळवत असतो.

दोन्ही फॉर्म पोहोचण्याची मुदत म्हणजे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत. २९ ऑक्टोबर २०२४ हा विधानसभेसाठी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी मानखुर्द शिवाजीनगरमध्ये नवाब मलिक यांनी एक अर्ज राष्ट्रवादीच्या नावाने आणि एक अपक्ष म्हणून भरून ठेवला होता. पक्षाचा एबी फॉर्म जमा झाला तो तीन वाजायला काही मिनिटं उरली असताना. उशीर झाला असता तर ते अपक्ष म्हणून उभे राहिले असते, एवढी तजवीज त्यांनी आधीच केली होती. ज्याला आपल्या पक्षाचा भरवसा नाही त्याने असेच दोन अर्ज भरावेत. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात.

पक्षाने आधी एकाला बी फॉर्म दिला आणि मग दुसऱ्याला. आता खरा उमेदवार कोण?

पक्षाला मन बदलायचा अधिकार आहे, पण तोही ३ वाजेपर्यंतच. नव्या बी फॉर्ममध्ये आधीचा रद्द केला आहे असं स्पष्ट लिहावं लागतं आणि नव्या माणसाने स्वतःचा उमेदवारी अर्ज मुदतीत भरलेला असावा लागतो. एवढं जमलं तर पहिल्याचं चिन्ह जातं आणि दुसऱ्याला मिळतं.

गंमत होते ती रद्द करायचं राहून गेलं तर. दोघांकडे बी फॉर्म, दोघंही म्हणतात मीच अधिकृत. नियम सांगतो की अशा वेळी ज्याचा उमेदवारी अर्ज अधिकाऱ्याकडे आधी दाखल झाला त्याचा बी फॉर्म धरायचा. बी फॉर्म कोणाचा आधी आला किंवा श्रेष्ठींनी शेवटचा फोन कोणाला केला, हे बघितलं जात नाही. त्यामुळे दोन गटांत रस्सीखेच असलेल्या मतदारसंघात मुरलेले इच्छुक पहिल्याच दिवशी, वाजतगाजत नाही तर गुपचूप, जाऊन अर्ज भरून येतात. मिरवणुकीचा अर्ज नंतर वेगळा.

डमी उमेदवार कशासाठी भरतात?

बी फॉर्मवर दोन नावांची सोय असते. एक अधिकृत उमेदवार आणि दुसरा पर्यायी, म्हणजेच डमी. अधिकृत उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला किंवा त्याने माघार घेतली, तर पर्यायी उमेदवार पक्षाचा उमेदवार ठरतो. अट एकच, त्याचा स्वतःचा अर्ज जिवंत हवा.

ही सोय किती कामाची आहे ते २०२४मध्ये रामटेकला दिसलं. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या या लोकसभा मतदारसंघात काँग्रेसने रश्मी बर्वे यांना उभं केलं होतं. छाननीच्याच दिवशी जात पडताळणी समितीने त्यांचं वैधता प्रमाणपत्र रद्द केलं आणि अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचं नाव बी फॉर्मवर होतं. ते उभे राहिले आणि निवडून आले. (प्रमाणपत्र रद्द करण्याचा निर्णय पुढे उच्च न्यायालयात टिकला नाही, पण तोवर निवडणूक होऊन गेली होती.)

डमी घरातलाच का असतो, असं लोक कुत्सितपणे विचारतात. घराणेशाही आहेच, पण दुसरं कारण साधं आहे: मुख्य अर्ज मंजूर झाल्यावर डमीने निमूटपणे बाजूला व्हावं लागतं. बाहेरचा माणूस होईलच याची खात्री कोण देणार?

मग २०२४ला इंदूरमध्ये मुख्य उमेदवाराने माघार घेतली तेव्हा काँग्रेसचा डमी का उपयोगी पडला नाही?

या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पक्षांचे वकीलसुद्धा इथे ठेचकाळतात.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराच्या अर्जावर त्या मतदारसंघातल्या एकाच मतदाराची सूचक म्हणून सही पुरते. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात. छाननीत आधी मुख्य उमेदवाराचा अर्ज बघितला जातो. तो मंजूर झाला की त्या क्षणी पर्यायी उमेदवार पक्षाचा राहत नाही. मग त्याच्या अर्जावर एकच सूचक असेल तर तो तिथेच बाद होतो. म्हणजे ‘मुख्य बाद झाला तर’ या प्रसंगाला एक सूचक चालतो, पण ‘मुख्याने नंतर माघार घेतली तर’ या प्रसंगाला डमीच्या अर्जावर दहा सूचक हवेतच.

इंदूरमध्ये २०२४ला काँग्रेसचे अक्षय कांती बम यांचा अर्ज छाननीत मंजूर झाला. पर्यायी उमेदवार मोतीसिंह पटेल यांच्या अर्जावर दहा सूचक नव्हते, तो बाद झाला. २९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, बम यांनी अर्ज मागे घेतला आणि भाजपची वाट धरली. पटेल यांना चिन्ह मिळावं म्हणून काँग्रेस उच्च न्यायालयात गेली, पण दाद मिळाली नाही. मतदानयंत्रावर ‘हात’ नव्हता. मग काँग्रेसने ‘नोटा’चं (वरीलपैकी कोणीही नाही) बटण दाबायचं आवाहन केलं आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली.

दहा सह्या गोळा करणं हे एका सकाळचं काम. ते राहिलं म्हणून लोकसभेची एक जागा लढवता आली नाही. माझ्या मते फितुरीइतकीच ही पक्षाच्या कारकुनीची हार होती.

सूचक फिरला तर?

तर अर्ज धोक्यात. २०२४लाच सुरतमध्ये काँग्रेसचे नीलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी अर्जावरच्या सह्या आपल्या नाहीत असं सांगितलं आणि अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवाराचा अर्जही सूचकाच्या सहीवरूनच गेला. बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. शहाणा उमेदवार चारही अर्जांवर वेगवेगळे सूचक घेतो आणि ते भरवशाचे असतील असं बघतो. सूचक त्याच मतदारसंघातला मतदार हवा. उमेदवार मात्र विधानसभेसाठी राज्यातल्या आणि लोकसभेसाठी देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीतला चालतो (राखीव जागांच्या अटी वेगळ्या).

अर्ज भरण्यापासून माघारीपर्यंत किती दिवस मिळतात?

अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी अर्ज भरण्याची मुदत संपते. दुसऱ्या दिवशी छाननी आणि छाननीनंतर दुसऱ्या दिवशी माघारीची मुदत. मध्ये सार्वजनिक सुट्टी आली तर तारीख पुढे सरकते. २०२४च्या विधानसभेला ३० ऑक्टोबरला छाननी झाली आणि मध्ये दिवाळी असल्याने माघारीचा दिवस थेट ४ नोव्हेंबरला आला. बंडखोरांची मनधरणी करायला पक्षांना फराळासकट तीन दिवस जास्तीचे मिळाले.

माघारीची मुदत संपल्यावर पक्षाला उमेदवार बदलता येतो का?

येत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तीन वाजल्यानंतर पक्षाला नवा माणूस आणताच येत नाही. पर्यायी उमेदवार असेल तेवढाच. माघारीच्या मुदतीनंतर तर उमेदवार स्वतःही बाहेर पडू शकत नाही. ‘मी अमुकांना पाठिंबा देतो’ असं जाहीर करायला कोणी अडवत नाही, पण नाव आणि चिन्ह यंत्रावर राहतं आणि मतंही पडतात. दिलेली माघार परत घेण्याचीही सोय नाही.

कोल्हापूर उत्तरचा प्रकार यासाठी पाठ करून ठेवावा. २०२४ला काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचं नाव जाहीर केलं, पक्षातून विरोध झाला, मग उमेदवारी मधुरिमाराजे छत्रपती यांना गेली. लाटकर अपक्ष म्हणून उभे राहिले. ४ नोव्हेंबरला ते माघार घेतील म्हणून सगळे वाट बघत होते. त्यांनी घेतली नाही, आणि शेवटच्या काही मिनिटांत मधुरिमाराजेंनीच घेतली. आता काँग्रेसकडे उमेदवार लाटकरच, पण त्यांच्या नावाचा बी फॉर्म २९ ऑक्टोबरच्या तीनपर्यंत दाखल नव्हता, त्यामुळे ‘हात’ मिळणार नव्हता. आधी ज्याचं तिकीट कापलं त्यालाच पाठिंबा द्यायचा आणि तोही दुसऱ्या चिन्हावर, अशी वेळ आली. जागा शिवसेनेचे राजेश क्षीरसागर जिंकले.

पक्ष उमेदवार मागे घेऊन जागा मोकळी सोडू शकतो का?

हो, पण माघारीच्या अर्जावर सही उमेदवाराचीच लागते. पक्षाने पत्र देऊन चालत नाही. अंधेरी पूर्वच्या २०२२च्या पोटनिवडणुकीत भाजपने मुरजी पटेल यांना माघार घ्यायला लावली, दुसरा कोणी दिला नाही. ऋतुजा लटके जिंकल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा होतं, १२,८०६ मतांसह.

उमेदवाराचं निधन झालं तर?

इथे मात्र कायदा पक्षाला पुन्हा दार उघडून देतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५२ प्रमाणे मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदान सुरू होण्याआधी गेला तर त्या जागेचं मतदान पुढे ढकललं जातं आणि नवा उमेदवार द्यायला पक्षाला सात दिवस मिळतात. इतरांनी पुन्हा अर्ज भरायची गरज नसते. अपक्षाच्या निधनाने निवडणूक थांबत नाही.

राजस्थानात करणपूरला २०२३ला काँग्रेसचे गुरमीतसिंह कुन्नर यांचं निधन झालं. मतदान ५ जानेवारी २०२४ ला घेतलं गेलं. दरम्यान राज्यात भाजपचं सरकार आलं होतं आणि भाजपने आपल्या करणपूरच्या उमेदवाराला निवडून येण्याआधीच मंत्री केलं होतं. तरी जिंकले ते कुन्नर यांचे चिरंजीव रुपिंदरसिंह. मध्य प्रदेशात बैतूलला २०२४ला बसपाचे उमेदवार वारले आणि मतदान २६ एप्रिलवरून ७ मेला गेलं. तिथेही पक्षाने मुलालाच उभं केलं.

मतदान होऊन गेल्यावर उमेदवार गेला तर मोजणी ठरल्याप्रमाणे होते. मृत उमेदवार विजयी ठरला तर जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक लागते.

काल दुसऱ्या पक्षात होता, आज आमचा उमेदवार. चालतं का हे?

चालतं. चिन्ह मिळवायला उमेदवार त्या पक्षाचा सदस्य असावा आणि सदस्यांच्या यादीत त्याचं नाव असावं, अशी अट आहे. पण किती दिवसांपासून, हे नियमात कुठेही नाही. म्हणून सकाळी प्रवेश, गळ्यात नवा गमछा आणि दुपारी अर्ज. पंधरा वर्षं सतरंज्या उचललेल्या निष्ठावंताला हे झोंबणारच, पण त्याची तक्रार पक्षाकडे आहे, आयोगाकडे नाही.

गुन्हे दाखल असलेल्याला तिकीट देण्यावर बंदी आहे का?

नुसता खटला चालू असेल तर बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एवढं सांगितलं की अशा उमेदवाराची निवड का केली आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे पक्षाने जाहीर करावं. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटं कारण पुरणार नाही. निवडीनंतर ४८ तासांत ही माहिती पक्षाच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात द्यायची आहे. बिहारच्या निवडणुकीत हे न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये काही पक्षांना १ लाख आणि काहींना ५ लाखांचा दंड झाला. या रकमांनी कोणत्याही पक्षाला घाम फुटणार नाही. पक्षांनी दिलेली कारणं मात्र एकदा वाचाच. ‘सामाजिक कार्याची आवड’ यापलीकडे फार काही सापडत नाही.

‘मैत्रीपूर्ण लढत’ कायद्यात बसते का?

कायद्याला युती-आघाडी दिसतच नाही, पक्ष तेवढे दिसतात. मित्रपक्षांनी एकाच जागेवर आपापले बी फॉर्म दिले तर दोघंही अधिकृत, दोघांची आपापली चिन्हं. मैत्री किती उरते ते निकालानंतर कळतं.

बंडखोराला पक्ष अडवू शकतो का?

अर्ज भरण्यापासून नाही. सहा वर्षांसाठी निलंबन, हकालपट्टी ही पक्षाची आपली हत्यारं. ती किती धारदार आहेत ते सांगलीने २०२४ला दाखवलं. आघाडीत जागा ठाकरे गटाकडे गेली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष लढले आणि जिंकले. त्यानंतर कारवाईबद्दल कोण बोलणार?

अनामत किती? आणि दोन जागांवरून उभं राहता येतं का?

लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर जप्त. एका वेळी जास्तीत जास्त दोन मतदारसंघांतून लढता येतं. दोन्ही जिंकल्या तर एक सोडावी लागते.

निवडून आल्यावर बी फॉर्मचं काम संपतं का?

उलट, तिथून ते दुसऱ्या रूपात सुरू होतं. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे सदस्य कोणत्या पक्षाचा, तर ज्या पक्षाने त्याला उमेदवार म्हणून उभं केलं त्या पक्षाचा. त्या पक्षाचा व्हिप (मतदान कसं करायचं याचा पक्षादेश) त्याला लागू होतो. अपक्ष म्हणून निवडून आलेला मात्र बाहेरून पाठिंबा देऊ शकतो, पण एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर त्याचं सदस्यत्व जातं. शेवटच्या दिवशी तीनच्या आत फॉर्म पोहोचला की नाही, यावर पुढची पाच वर्षं त्याने कोणाचं ऐकायचं हेही ठरलेलं असतं.